लॅमिंग्टन रोडचा हिशेब

संगणकाच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतं, "किती जीबीचं आहे?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. दोन जीबीचं, चार जीबीचं, आठ जीबीचं. मोबाइल आणि पेनड्राइव्ह घेताना लागलेली ही सवय आहे, आकडा मोठा तेवढा माल चांगला. या एका सवयीपायी मध्यमवर्गीय घरांनी मुलांच्या संगणकावर घातलेले किती पैसे वाया गेले असतील, याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटतं.

जीटी १०३० या कार्डाचं उदाहरण घ्या. एनव्हिडियाने ते मे २०१७ मध्ये आणलं. छोटं, स्वस्त, वीजही बेताची खाणारं. त्यावर दोन जीबी मेमरी होती, जीडीडीआर५ जातीची, आणि ती सेकंदाला ४८ जीबी माहिती चिपपर्यंत पोचवायची. पुढच्याच वर्षी याच नावाचं दुसरं कार्ड बाजारात आलं. मेमरी दोन जीबीच, पण साध्या डीडीआर४ जातीची आणि वेग सेकंदाला १६.८ जीबी. विहिरीत पाणी तेवढंच, पोहरा मात्र तिसऱ्या हिश्शाचा. कित्येक खेळांत हे दुसरं कार्ड पहिल्याच्या निम्म्या वेगाने चालतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन्हीकडे तेच नाव, तेच दोन जीबी. फरक असतो तो बारीक अक्षरांत, एका कोपऱ्यात.

याहून वाईट उदाहरण जीटी ७३०चं. हे २०१४चं कार्ड. त्याची चार जीबीची आवृत्ती आजही दुकानांत नवी म्हणून मिळते आणि "गेमिंग पीसी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक संगणकांत बसवली जाते. चार जीबी मेमरी भरून जाईल इतकं काम करायची त्या चिपची ताकदच नाही. या कार्डांत सर्रास असणाऱ्या केप्लर पिढीच्या चिपसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं कंपनीने २०२१ मध्ये थांबवलं, आणि सुरक्षेपुरत्या दुरुस्त्याही २०२४ मध्ये संपल्या. तरी "चार जीबीचं कार्ड आहे" एवढं ऐकून आईवडील पैसे मोजतात.

कार्डाचं काम काय असतं ते आकड्यांत पाहिलं म्हणजे जीबीची जागा नीट कळते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत येणारा मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. हालचाल डोळ्यांना सलग वाटायची तर सेकंदाला अशी ६० चित्रं हवीत, म्हणजे एका चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्या वेळात प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावरचा उजेड, सावली, भिंतीचा पोत हे सगळं मोजून व्हायला हवं. प्रोसेसरमधले सहा-आठ गाभे हुशार असतात, पण या कामाला संख्या लागते. म्हणून आरएक्स ६६०० सारख्या मध्यम कार्डातही १,७९२ छोटे गणक एकाच वेळी राबत असतात. ते किती आहेत, त्यांना माहिती किती वेगाने मिळते आणि ती ठेवायला जागा किती आहे, या तीन गोष्टींवर कार्डाची कुवत ठरते. जीबी म्हणजे त्यातली फक्त तिसरी.

घरोघरी असं यंत्र असणं ही गोष्ट फार जुनी नाही. थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड १९९६चं. एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं १९९९ मध्ये, आणि "जीपीयू" हे नाव त्याच्याबरोबर रूढ झालं. एटीआय कंपनी एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली आणि तेव्हापासून या बाजारात मुख्यतः दोनच कंपन्या उरल्या. २०२२ पासून इंटेल तिसरी. आपल्याकडे नाक्यावरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी खेळलेली पिढी आता चाळिशीत आहे, आणि आज तीच पिढी मुलांना घेऊन दुकानात येते.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचंच नाव तोंडात टिकलं. 'शोले' ज्या मिनर्व्हात वर्षानुवर्षं चालला ते थिएटर याच रस्त्यावर होतं. आता रस्ता ओळखला जातो तो वायरी, सुटे भाग आणि संगणकांसाठी. एका काउंटरवर बदलापूरहून आलेले बापलेक भेटले. मुलाचा डिप्लोमा चालू होता. त्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं आणि ब्लेंडरवर थ्रीडी शिकायचं होतं. वडिलांच्या खिशात घराजवळच्या दुकानातलं कोटेशन होतं, घडी घालून ठेवलेलं. त्यावर लिहिलं होतं, आय७ प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट.

काउंटरमागच्या माणसाने कागद वाचला आणि वडिलांना विचारलं, "काका, आय७ कितव्या जनरेशनचा, ते लिहिलेलं नाही."

मुलाने हळूच सांगितलं, "थर्ड जनरेशन."

इंटेलची ती पिढी २०१२ची. नाव आय७ असलं तरी आजच्या स्वस्त आय३ची ताकद त्यात नाही. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरवरच चालतं, आणि विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११वर व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही पहारेकरी प्रणाली टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. म्हणजे ज्या खेळासाठी संगणक घ्यायचा तोच खेळ पुढे अडण्याची शक्यता त्या कागदावरच लिहिलेली होती, फक्त ती वाचता यायला हवी होती. चार जीबी ग्राफिक्स म्हणजे अर्थातच जीटी ७३०. आणि कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर जेवढे पैसे लावले होते, तेवढ्यात संगणकाला वीज पुरवणारा बरा एसएमपीएस आला असता.

मग त्या दुकानदाराने कार्डाचं नावही न घेता विचारलं, "मॉनिटर कुठला घेताय?" हा प्रश्न पहिला असावा, असं माझं ठाम मत आहे. आठ-दहा हजारांत चांगला २४ इंची १०८०पी मॉनिटर मिळतो. त्याऐवजी १४४०पीचा घेतला तर एका चित्रातले ठिपके ३६,८६,४०० होतात. कार्डावरचं ओझं पावणेदोन पटींनी वाढतं आणि वीस हजारांचं कार्ड तिथे दमतं. बजेट मर्यादित असेल तर १०८०पी ठरवून टाकावं आणि पुढचा हिशेब त्यावर बांधावा.

दुसरा प्रश्न खेळाचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ या स्पर्धेच्या खेळांत प्रोसेसरला जास्त काम असतं, साधं कार्डही तिथे सेकंदाला शंभराच्या वर चित्रं देतं. २०१५ मध्ये पीसीवर आलेला जीटीए ५ आज जुन्या कार्डांवरही छान चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा आपल्याकडच्या पुराणकथांवर उभा असलेला देखणा खेळही माफक कार्डावर खेळता येतो. सायबरपंक २०७७ किंवा ॲलन वेक २ चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी. २०२४च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५चा डूम: द डार्क एजेस हे दोन खेळ रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय चालतच नाहीत. म्हणजे कालपर्यंत "बजेटचा राजा" म्हणून सांगितलं जाणारं जीटीएक्स १६५०, किंवा त्याचा मोठा भाऊ १६६०, या खेळांच्या दारातच थांबतात. मुलाला काय खेळायचं आहे हे त्याला शांतपणे विचारलं तर निम्मा निर्णय घरीच होतो. तो ब्लेंडर शिकणार असेल तर तेही आताच सांगायला हवं, कारण तिथे एनव्हिडियाच्या कार्डांना सॉफ्टवेअरचा आधार पक्का आहे. फक्त खेळायचं असेल तर त्याच पैशात एएमडी बहुधा जास्त देते.

आता नावांकडे येतो, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. जीटी १०३०ची गोष्ट अपवादाची असती तर ठीक होतं. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं. सहा जीबीच्या कार्डात १,२८० गणक होते. मागून तीन जीबीचं आलं, त्यात १,१५२. म्हणजे मेमरी कमी केलीच, वर चिपही छाटली, आणि नाव तेच ठेवलं. आरटीएक्स ३०६० बारा जीबी मेमरी घेऊन २०२१ मध्ये आलं. माहितीचा वेग सेकंदाला ३६० जीबी. पुढच्या वर्षी त्याची आठ जीबीची आवृत्ती निघाली, तिचा वेग २४०. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं होतं, २,५६० गणकांचं. २०२४ मध्ये सहा जीबीचं ३०५० आलं, त्यात २,३०४ गणक आणि वेग २२४वरून १६८वर. एएमडीनेही हे केलं. आरएक्स ५८०मध्ये मुळात २,३०४ गणक, पण चीनच्या बाजारासाठी २,०४८ गणकांचं एक ५८० काढलं, ते प्रत्यक्षात आरएक्स ५७०च होतं. ही कार्डं आयात होऊन आपल्याकडेही आली आणि ५८० म्हणून विकली गेली.

कंपन्यांचं म्हणणं असतं की तपशील खोक्यावर छापलेला आहे. छापलेला असतो, हे खरं. पण बदलापूरहून आलेल्या माणसाने मेमरीची जात, तिच्या वाहिनीची रुंदी आणि गणकांची संख्या तोंडपाठ करून दुकानात यावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. वेगळ्या वस्तूला वेगळं नाव द्यायला हवं. ते जोवर होत नाही तोवर नुसतं "३०५० द्या" असं म्हणू नये. "३०५०, आठ जीबी, जीडीडीआर६" असं पूर्ण म्हणावं आणि बिलावरही तसंच लिहून घ्यावं.

बजेटवाल्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त शिकवून जाणारं कार्ड म्हणजे आरएक्स ६५०० एक्सटी. १९ जानेवारी २०२२ला ते १९९ डॉलरला आलं, तेव्हा कार्डांचा दुष्काळ चालू होता आणि कुठलंही नवं स्वस्त कार्ड म्हणजे दिलासा वाटायचा. पण त्याची चिप आखली होती लॅपटॉपसाठी. मदरबोर्डशी बोलायला कार्डाला सोळा लेन असू शकतात, या कार्डाला चारच ठेवल्या. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे आठ जीबी माहिती जाते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर त्या चारच लेनमधून सुमारे चार. कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी, त्यामुळे नव्या खेळांत ती पटकन भरते, मग माहिती संगणकाच्या रॅममधून याच चिंचोळ्या वाटेने आणावी लागते आणि खेळ अडखळतो.

स्वस्त कार्ड घेतो कोण? ज्याच्याकडे जुना मदरबोर्ड आहे तो. आपल्याकडे बी४५०, ए३२०, एच४१० असे तिसऱ्या पिढीचे बोर्ड घरोघरी आहेत. म्हणजे कार्ड ज्यांच्यासाठी काढलं त्यांच्याच संगणकात ते सर्वांत वाईट चालतं. नव्या बोर्डवर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे पाहून जुन्या बोर्डसाठी ते घेतलेल्या मुलांची निराशा मी ऐकली आहे. त्या कार्डात खेळ रेकॉर्ड करण्याची यंत्रणाही नव्हती, त्यामुळे यूट्यूबवर खेळ दाखवायची हौस असलेल्या मुलांचं तेही राहिलं. कार्ड निवडताना ते किती लेनचं आहे आणि आपला बोर्ड कुठल्या पिढीचा आहे, हे दोन प्रश्न मी यानंतर कधी सोडले नाहीत. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेनची कार्डं आहेत, जुन्या बोर्डवर त्यांचं नुकसान बहुतेक खेळांत थोडंसंच होतं.

जीबीचा प्रश्न इतका वेळ बाजूला ठेवला, पण तो अगदीच फोल नाही. २०२३च्या वसंतात हॉगवर्ट्स लेगसी आणि द लास्ट ऑफ अस पार्ट १ हे खेळ पीसीवर आले तेव्हा आठ जीबीची कार्डं प्रथमच अपुरी दिसायला लागली. भिंतींचे पोत उशिरा उमटायचे, मध्येच चित्र गोठायचं. दुरुस्त्या झाल्या, पण दिशा स्पष्ट झाली. आज १०८०पीवर पोतांची पातळी एक पायरी खाली आणली तर आठ जीबी चालून जातात. चार जीबीचं नवं कार्ड मात्र आता कोणी घेऊ नये. सहा जीबीचं घ्यायचं तर अडचण म्हणून घ्यावं, निवड म्हणून नको. आणि मेमरीचे आकडे एका ताकदीच्या दोन कार्डांमध्येच तोलावेत. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं २०२५ मध्ये आठ आणि सोळा अशा दोन्ही रूपांत आली आहेत. तिथे सोळासाठी जास्तीचे पैसे मोजणं पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करता शहाणपणाचं आहे. फक्त ती किंमत या लेखातल्या बजेटच्या वरची आहे.

एसएमपीएसबद्दल मला थोडं कळकळीने बोलायचं आहे. कोटेशनमध्ये हा शब्द शेवटच्या ओळीत असतो, बहुधा कंपनीच्या नावाशिवाय. कॅबिनेटबरोबर "फुकट" आलेल्या, ४५० वॅट असं लेबल लावलेल्या डब्यातून १२ व्होल्टच्या वाहिनीवर प्रत्यक्षात किती वीज मिळते ते बाजूच्या तक्त्यात वाचावं. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज याच वाहिनीतून घेतात. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट घेतं, आरटीएक्स ४०६० सुमारे ११५, इंटेलचं आर्क बी५८० सुमारे १९०. क्षणभराचे झटके याहून मोठे असतात. हलका एसएमपीएस अशा झटक्याला संगणक बंद पाडतो, आणि त्याहून हलका असेल तर जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जातो. आपल्याकडे कित्येक गावांत विजेचा दाब संध्याकाळी वरखाली होतो, त्यात ही भीती आणखी वाढते. वीस हजारांचं कार्ड आणि आठशे रुपयांचा एसएमपीएस ही जोडी मला पाहवत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा ५५० वॅटचा एसएमपीएस चार हजारांच्या आसपास मिळतो आणि पुढची दोन कार्डं सांभाळतो. हे पैसे कार्डातून कापावे लागले तरी कापावेत.

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप हल्ली घरोघरी येतात. त्यांचा एसएमपीएस अडीचशे-तीनशे वॅटचा आणि वेगळ्याच आकाराचा असतो, जादा पिनांची वायर त्याला नसते. तिथे सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० हा खरा उपाय आहे. ते ७० वॅटवर, फक्त खाचेतल्या विजेवर चालतं आणि अरुंद कॅबिनेटसाठी त्याची बुटकी आवृत्तीही मिळते. वर मी त्याच्या नावाबद्दल तक्रार केली, पण या एका जागी नव्या मालात त्याला तोड नाही.

जुन्या कार्डांचा बाजार हा वेगळाच प्रांत आहे. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी, म्हणजे त्याची 'खाण' चालवण्यासाठी, लोकांनी खोल्याच्या खोल्या कार्डांनी भरल्या होत्या. कार्डं दुप्पट किमतीला जायची. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि हा सगळा माल जुन्या बाजारात आला. खाणीतलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. चिप सहसा ठणठणीत असते. मार बसतो पंख्यांना, मेमरीच्या चिपांना आणि त्यांच्यावरच्या उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्यांना. म्हणून असं कार्ड चालू संगणकात, अर्धा तास पूर्ण ओझ्याखाली चालवून, तापमान पाहूनच घ्यावं. पडद्यावर रंगीत चौकटी किंवा चमचमणारे ठिपके दिसले की मेमरी गेलेली आहे, मग किंमत कितीही पडली तरी हात लावू नये.

पी१०६-१०० नावाचं कार्ड स्वस्तात दिसेल. त्याच्या आत जीटीएक्स १०६०चीच चिप आहे, पण खाणीसाठीच बनवल्यामुळे मॉनिटरची वायर जोडायला त्यावर जागाच नाही. आणि काही कार्डं तर सरळ खोटी असतात. दशकभर जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या आतली नोंद बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली जातात, विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर अशी बरीच खोटी कार्डं ओळखतं आणि नावापुढे खोटं असल्याचं लिहितं. जुनं कार्ड घ्यायला जाताना ते पेनड्राइव्हवर बरोबर ठेवावं. आणखी एक. जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंतच मिळाले. पुढे २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, असं एनव्हिडियाने जाहीर केलं आहे. तेव्हा १०५० टीआय किंवा १०६० आज कितीही स्वस्त दिसलं तरी जुन्या खेळांपुरतंच घ्यावं.

दहा-बारा हजारांत नवं, नाव घेण्यासारखं कार्ड का मिळत नाही, हे वडील मंडळी हमखास विचारतात. १०५० टीआय २०१६ मध्ये १३९ डॉलरला आलं होतं. त्या खणात आज तशी भर पडत नाही. एक कारण असं की प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्सनेच ती जागा खाल्ली. दुसरं मोठं आहे. जानेवारी २०२० मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचं उत्पन्न १०.९ अब्ज डॉलर होतं आणि त्यातलं निम्मं खेळांच्या कार्डांतून आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात उत्पन्न १३०.५ अब्ज झालं, त्यात डेटा सेंटरचा वाटा ११५ अब्जांहून जास्त आणि खेळांचा ११च्या आसपास. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या लाटेची एक मोठी सुरुवातही खेळांच्या कार्डांवरच झाली होती. २०१२ मध्ये गाजलेलं अलेक्सनेट हे जाळं दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलेलं होतं. आता तीच चिप बनवण्याची जागा आणि माणसं जास्त कमाईच्या मालाकडे वळली आहेत. घरच्या मुलाने खेळण्यासाठी घेतलेलं स्वस्त कार्ड कंपनीच्या हिशेबात मागे पडणं यातूनच आलं.

शिवाय डॉलर. अमेरिकेत सांगितलेल्या किमतीत कर धरलेला नसतो. आरटीएक्स ५०६०ची किंमत २९९ डॉलर. डॉलर ८८ रुपयांच्या आसपास धरला तर सव्वीस हजार तीनशे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकतीस हजार. आर्क बी५८०चे २४९ डॉलर याच हिशेबाने पंचवीस हजार नऊशेच्या घरात जातात. याहून फार जास्त सांगत असतील तर दुकान बदलावं, फार कमी सांगत असतील तर बिलाबद्दल विचारावं.

त्या बापलेकांनी शेवटी जे ठरवलं त्याच्याशी मी सहमत आहे. प्रोसेसर आय५-१२४००एफ, सोळा जीबी रॅम दोन पट्ट्यांत, ५५० वॅटचा बरा एसएमपीएस, साधं जाळीचं कॅबिनेट, आणि कार्ड आरटीएक्स ४०६०, मुलाला ब्लेंडर शिकायचं होतं म्हणून. नुसतं खेळायचं असतं तर वीस-बावीस हजारांच्या आसपास मिळणारं आरएक्स ६६०० मी सांगितलं असतं आणि वाचलेले पैसे एसएसडीवर घातले असते. बी५८०ची बारा जीबी मेमरी आणि तिचा वेग या किमतीत उत्तम आहे, पण ते कार्ड रिसायझेबल बार ही सोय असलेल्या नव्या बोर्डवरच घ्यावं. प्रोसेसर जुना किंवा हलका असला की त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवरच जास्त भार टाकतो. २०२५च्या सुरुवातीच्या चाचण्यांत रायझन ५ ५६०० सारख्या चांगल्या प्रोसेसरवरही हे दिसलं होतं. प्रोसेसरच्या नावातल्या एफकडेही लक्ष हवं. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड दुरुस्तीला गेलं की संगणक आंधळा होतो.

कार्डापुरते पैसेच नसतील तर कर्ज काढून किंवा जीटी ७३० घेऊन वेळ मारून नेण्यापेक्षा रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घ्यावा. आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट व्यवस्थित चालतं. मात्र रॅमची एक पट्टी न घेता दोन घ्याव्यात, कारण आतलं ग्राफिक्स रॅमलाच आपली मेमरी मानतं आणि दोन पट्ट्यांनी तिचा वेग दुप्पट होतो. वर्ष-दीड वर्षाने कार्ड घालायचं मनात असेल तर लक्षात ठेवायचं की ५६००जी पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच देतो, आणि ८५००जी कार्डाला चारच लेन देतो. ८६००जी चौथ्या पिढीच्या आठ देतो.

घेण्याच्या दिवशी जीएसटीसह पक्कं बिल घ्यावं. "बिलाशिवाय अठरा टक्के वाचतील" असं कोणी म्हणालं तर वॉरंटीचा पुरावा जातो आहे, हे समजून नकार द्यावा. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवावा. वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात, हे तिथेच विचारावं. जळगाव किंवा लातूरहून दर वेळी मुंबईला कार्ड पाठवणं सोपं नसतं. घरी आल्यावर ड्रायव्हर थेट कंपनीच्या साइटवरून घालावा, मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावावी आणि पहिल्या आठवड्यात मुलाला मनसोक्त खेळू द्यावं. कार्डात दोष असेल तर तो बहुधा याच दिवसांत दिसतो, आणि दुकानातून थेट बदलून मिळण्याची मुदतही साधारण एवढीच असते.